रणधुरे सरकारांचा कळंब

कोळवण, मुळशी
ता. १४ एप्रिल १९५८

चि. जयसिंग भाऊजींस तुळजावहिनीचे अनेक आशीर्वाद.

"जयसिंगाच्या हातात कोळसा दिला की भिंत गेली," असं तुमचे दादा म्हणायचे. आज ते असते तर म्हणाले असते, या खेपेला भिंत नाही, सोयरीकच गेली.

घाबरू नका, आम्ही खुशाल आहोत. जत्रेतल्या नाटकासाठी तुम्ही पुण्याहून रंगवून पाठवलेली फळी नाटकमंडळीतल्या भिकूनं सिंहासनामागे टांगली. नाटकातलं रणधुरे सरकार हे घराणं जगात कुठे नाही, पण तुमची ती ढाल, तीवरचा सूर्य, किल्ल्याचा दरवाजा पाहून लोकांनी पदर सावरले, टोप्या सावरल्या. तुमचे सिंह मांजरासारखे दिसतात असं बायका म्हणाल्या. मी तुमची बाजू घेतली, पण मनापासून नाही.

पुढे बसले होते हैबतराव, आपल्या सुंदराचे होणारे सासरे. त्यांची नजर ढालीखालच्या कळंबाच्या फांदीवर गेली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, की मुलीच्या सख्ख्या चुलत्यानं घराण्याची खूण म्हणून कळंब काढला, म्हणजे तुमचं देवक कळंब. "आमचं बी कळंबच हाय. एक देवक म्हंजी भाऊबहीण. मग आमच्या कुशाबाचं लगीन कसं लावायचं?"

आपलं देवक वासनीचा वेल, असं मी कळवलं. त्यावर ते म्हणाले म्हणे, की लेकीच्या आईला लगीन हवंच असणार, तिचं काय धरायचं.

सुपारी फुटलेली, वैशाखातली तिथी धरलेली. ठरलेलं मोडलं की नावं मुलीलाच ठेवतात. काल भाकरी थापता थापता सुंदराचा हात परातीतच राहिला.

भाऊजी, जगात इतकी झाडं असताना कळंबच का काढलात?

तुमच्या पत्राची वाट पाहणारी,
तुळजा

पुणे
ता. १७ एप्रिल १९५८

ती. गं. भा. वहिनींच्या चरणी जयसिंगचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र वाचून शाळेत दोन तास फळ्याकडे पाहत उभा होतो. पोरांना वाटलं, मास्तर नवीन चित्र योजतायत.

खरं सांगतो. घराण्याची खूण म्हटल्यावर माझा हात आधी वासनीच्या वेलाकडेच गेला. ढालीभोवती तो फिरवायचा, दरवाजावर कमानीसारखा न्यायचा, असं कागदावर काढलंही होतं. पण आपलं देवक खोट्या राजाच्या डोक्यावर टांगायचं मनाला पटेना. कागद फाडला. ढालीखालची जागा रिकामी दिसत होती, शाळेच्या आवारात कळंब आहे, त्याचे पावसाळ्यात येणारे गोल गेंद तिथे शोभले. कोणाकोणाचं ते देवक असेल, हे डोक्यात आलंच नाही. आपलं सांभाळलं आणि दुसऱ्याचं टांगलं. चूक सर्वस्वी माझी.

हैबतरावांना मी लिहिलं तर ते म्हणतील, आता चुलताही पढवला. म्हणून तुम्ही एक करा. मारुतीचे गुरव कोंडिबा जत्रा झाली की लेकीकडे जातात, ते परत येऊ द्या. दादांच्या आणि माझ्या लग्नात देवक देवळातून त्यांच्याच हातून घेतलं होतं. त्यांना तुम्ही काही सांगू नका, हैबतरावांनाच विचारू द्या.

सुंदराला म्हणावं, तुझा काका मूर्ख आहे, पण वाईट नाही. सिंहांबद्दल मात्र बायकांचं म्हणणं मला मान्य नाही.

आपला आज्ञाधारक,
जयसिंग

कोळवण
ता. २६ एप्रिल १९५८

चि. जयसिंग भाऊजींस अनेक आशीर्वाद.

सुटलो! किती दिवसांनी आज पोटभर जेवले.

परवा कोंडिबा आले. हैबतराव चार माणसं घेऊन थेट देवळात गेले. काही न सांगता विचारलं, की सुंदराच्या घराला देवक काय देतोस. कोंडिबा त्यांच्यावरच खेकसले म्हणे, "वासनीचा येल! दोनदा दिलाय ह्याच हातांनी. गुरवाला इचारायचं सोडून नाटकाच्या फळीला काय इचारता?"

हैबतराव मोठ्यानं हसले, आणि तसेच आपल्या दारात आले. मला म्हणाले, "इहीणबाई, तुमचं खरं व्हतं." एवढंच, पण चार माणसांत म्हणाले. मग म्हणाले, देवक कळंब म्हणजे रणधुरे सरकार आमचे भाऊबंद झाले, ती फळी आमच्या घरी शोभेल. भिकूनं दिलीसुद्धा. बैलगाडीत उभी करून नेली. तुमचे सिंह आता सुंदराच्या सासरी आहेत.

पोर आज गुणगुणत होती. मी आत गेले की गप्प व्हायची, म्हणून बराच वेळ बाहेरच बसून राहिले.

रत्नाला आशीर्वाद. माया आहेच, ती अशीच राहू द्या.

तुमची वहिनी,
तुळजा

ता. क. देवळातून देवक आणायला जोडपं लागतं, तेव्हा ते तुम्ही आणि रत्नानंच आणायचं. पण एक मनात आलं, ते लिहूनच टाकते. इतके दिवस तो वेल मी एकटीनं धरून ठेवला होता आणि माझं कोणी धरलं नाही. वन्सं काय म्हणतील, लोक काय म्हणतील, सगळं मला ठाऊक आहे, आणि तुम्ही नाही म्हणाल हेही. तरी विचारते. देवळापासून मांडवापर्यंत देवकाचं सूप माझ्या हातात द्याल का?