सव्वा इंची पाईप आणि चौदा पायऱ्या

शुक्रवार, १ नोव्हेंबर. लाभपाचम, नव्या कामाचा मुहूर्त. सकाळी ९.१०

शुभारंभ. वेल्डिंग मशीनला कुंकू लावलं, नारळ वाढवला. नारळ तिसऱ्या फटक्याला फुटला. अपशकुन वगैरे मी मानत नाही.

संकल्प: बाहेरच्या जिन्याला कठडा. स्वतःच्या हातांनी. मुदत तीन दिवस.

सूनबाईचं सीमंत, म्हणजे ओटीभरण, १७ तारखेला आहे, गल्लीच्या टोकाला समाजाच्या वाडीत, कार्यालयात. ओटी सासूने भरायची. सासू, म्हणजे आमची रसीला, मे महिन्यापासून वरच्या मजल्यावरच आहे. मांडीचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता चालतात छान, पण धरायला भक्कम कठडा असल्याशिवाय जिना उतरायचा नाही. गवंड्याने सात खांब पायऱ्यांत बसवून दिलेत. वर एक आडवा पाईप, मध्ये एक. एकूण चौदा जोड. दिवसाला पाच म्हटले तरी रविवारी मी मोकळा. उरलेल्या दोन आठवड्यांत टाकीचं स्टँडही करून टाकावं म्हणतो.

पाईप जी.आय. घेतला. जस्ताचा मुलामा, गंज नाही. सव्वा इंची, पातळ, हलका. दुकानदार म्हणाला, मास्तर, हा पातळ आहे, जोडताना फार जपावं लागतं. मी नुसता हसलो. एकतीस वर्षं वेल्डिंग शिकवलंय मी. (थिअरी.) शिवाय आम्ही लुहार. आजोबांनी गोंडळच्या दरबारी बग्गीच्या चाकांना लोखंडी धाव बसवली होती. लोखंड आमच्या रक्तात आहे.

दुपारी ४.००

पहिला जोड. दहा नंबरचा जाड रॉड, करंट एकशे दहा. पाईपला भोक पडलं.

अंदाज घेत होतो.

शनिवार, २ नोव्हेंबर

कालचं भोक बुजवायला गेलो. मोठं झालं. ते बुजवलं. आणखी मोठं झालं. शेवटी पाईपचं टोकच गळून पायरीवर पडलं.

कारण: व्होल्टेज. खाली शेंगदाणा तेलाचं गोदाम भाड्याने दिलंय, त्यांची मोटर चालू झाली की करंट नाचतो.

समोरच्या मुक्ताबेन ओट्यावरून ओरडल्या, "जयसुखभाई, दिवाळी झाली की! अजून फटाके संपले नाहीत का?" उत्तर दिलं नाही. काच तोंडापुढे धरली होती, त्यामुळे ते सोपं गेलं.

सोमवार, ४ नोव्हेंबर. पांघरुणात

काल सहा जोड केले. सहाही आरपार. पांढरा धूर इतका, की मुक्ताबेननी वाळत घातलेल्या मिरच्या आत नेल्या. संध्याकाळी हुडहुडी भरली. तोंडात पितळेची चव. दात असे वाजत होते की रसीलाने दोन गोधड्या घातल्या, सुंठीचा काढा दिला आणि डॉक्टरांना फोन लावला. जस्ताचा धूर चढलाय म्हणाले, उद्या उतरेल.

हे मला ठाऊक होतं. मी स्वतः फळ्यावर लिहून देत असे: जस्त आधी घासून काढावं, वाऱ्याकडे पाठ करावी. पण ते विद्यार्थ्यांसाठी.

रसीला वॉकर टेकत तीनदा पाणी घेऊन आली. आजारी कोण आहे ते एकदा ठरवा, म्हणाली.

बुधवार, ६ नोव्हेंबर

जस्त घासलं. ग्राइंडरने. जरा जास्त घासलं गेलं. मुळात पाईपचा पत्रा सव्वा मिलिमीटर जाडीचा, तो पापडासारखा झाला. रॉड टेकवला मात्र, वितळलाच.

नवा पाईप आणायला गेलो. दुकानदाराने काही विचारलं नाही. आज हसला तो.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

करंट कमी केला. साठ. आता भोक पडत नाही. आता रॉड चिकटतो. ओढला तर खांब हलतो. सकाळपासून अकरा वेळा चिकटला, एकदा तर तो सोडवताना मीच दोन पायऱ्या खाली आलो.

मुक्ताबेन म्हणाल्या, "त्या जुसबला का बोलवत नाही? बसस्टँडमागे दुकान आहे. आमचा पाळणा त्यानेच जोडला. तुमचाच विद्यार्थी ना?"

विद्यार्थी! जुसब सुमराला मी प्रॅक्टिकलला दोनदा नापास केलंय. पातळ पत्र्याला भोक पाडलं होतं त्याने. तो पत्रा मी खिडकीपाशी धरून वर्गाला म्हणालो होतो, "या रे सगळे, याच्यातून सूर्यग्रहण बघा." वर्ग अर्धा तास हसत होता. विनोदातून शिकवणं ही माझी पद्धत होती.

जुसबला बोलावणं शक्य नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

शनिवार, ९ नोव्हेंबर

आमच्या निकुंजचा राजकोटहून फोन. पप्पा, कठडा राहू द्या, मी मित्रांना घेऊन येतो, मम्मीला खुर्चीत बसवून उचलून नेऊ. रसीलाने फोन माझ्या हातातून घेतला. "चौघांनी उचलून न्यायला मी अजून मेले नाही," म्हणाली आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे वळली. "डॉक्टरने माझ्या मांडीत आख्खी सळई बसवली, दोन तासांत. तुम्हाला जिन्यात पाईप बसवता येईना!"

डॉक्टरकडे सात माणसं होती हाताखाली, भूल द्यायची सोय होती. हे मी तिला सांगितलं नाही. इथे लिहून ठेवतो.

सोमवार, ११ नोव्हेंबर. सकाळी ७.००

चौदापैकी जोड: चार. त्यातले धरण्याजोगे: एक. तोही फक्त बघायला.

झोपेतही टिळा लावल्यासारखा पाईपवरचा तो लाल ठिपका दिसतो. लाल होतो, पांढरा होतो, आणि टप्.

काल रसीला वरच्या पायरीपाशी खुर्ची टाकून गहू निवडत बसली होती. मी खालून बघितलं. ती गहू निवडत नव्हती. जिन्याकडे बघत होती, पाटावर बसलेलं पोर ताटाकडे बघतं तशी.

एक गोष्ट कुठे लिहिलेली नाही, ती लिहितो. हे घर बांधलं तेव्हा गवंडी कठडाही घेऊन आला होता. मीच त्याला परत पाठवलं. मी वेल्डिंगचा मास्तर, माझ्या घराला दुसऱ्याने कठडा करायचा? एकोणीस वर्षं "पुढच्या सुट्टीत करतो" म्हणालो. मे महिन्यात ती मुक्ताबेनकडे थेपले द्यायला निघाली, हातात डबा होता, आणि डाव्या बाजूला धरायला काही नव्हतं.

सगळ्यांना सांगताना मी म्हणतो, फार घाईत उतरत होती. घाईत नव्हती ती.

बुधवार, १३ नोव्हेंबर. सायं. ५.३०

काम पूर्ण!!

युक्ती सुचली. जिथे भोकं आहेत तिथे पुट्टी. ती वाळली की पॉलिश पेपर, त्यावर चंदेरी रंग. लांबून बघितलं तर कारखान्यातून आल्यासारखा दिसतो. जवळून बघायची कुणाला काही गरज नाही.

रसीला म्हणाली, आधी तुम्ही धरून उतरा. उद्या उतरून दाखवतो. उगाच शंका घेणं तिच्या स्वभावात आहे.

गुरुवार, १४ नोव्हेंबर. सकाळी १०.१५

उतरून दाखवलं.

चौथ्या पायरीपर्यंत उत्तम. पाचवीवर सहज भार दिला. पाईप सुटला. मी, पाईप आणि पुट्टीचा एक गोळा, तिघे वेगवेगळे खाली आलो. गोदामातले हमाल धावले. कोपर सोललं, गुडघा सुजला. मोडलं काही नाही.

पण वरून रसीला जी ओरडली ना, ती मे महिन्यात स्वतः पडली तेव्हाही तशी ओरडली नव्हती. वॉकर सोडून दोन पायऱ्या उतरली होती ती, भिंत चाचपत. हमालांनी तिला तिथेच धरलं, वर नेऊन बसवलं. मग ती रडली. माझं डोकं पोटाशी धरून म्हणाली, "मला नको सीमंत. मला नको तुमचा कठडा. तुम्ही धड राहा."



दुपारी २.००

रसीलाने जुसबला फोन केला. नंबर मुक्ताबेनकडून घेतला. मी अडवलं नाही. गुडघा दुखत होता म्हणून.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

जुसब आला, सकाळी नऊला. दाढी पांढरी होत आलीय. आल्याआल्या पाया पडला. "साहेब, तब्येत कशी आहे?" मग जिन्यावर बसून माझा एकेक जोड नखाने टोकरून पुट्टी काढत गेला. सुटलेला पाईप उचलला, भोकापाशी डोळा नेला. मी भिंतीकडे बघत उभा राहिलो. आता म्हणेल सूर्यग्रहण. खाली सगळे हमाल, समोर मुक्ताबेन. वर्ग भरलेला होता.

त्याने पाईप हलकेच खाली ठेवला. म्हणाला, "साहेब, तुम्ही शिकवलं ते सगळं बरोबर होतं. फक्त पाईप पातळ आहे."

मग त्याचं काम बघितलं. जस्त फक्त जोडापुरतं, हलक्या हाताने घासलं. तोंडाला फडकं, पाठीशी वारा. दोन पाईपांत केसाएवढीही फट राहू दिली नाही. रॉड चौदा नंबरचा, काडीसारखा. करंट पन्नासच्याही खाली. आणि सलग ओढलाच नाही हो! टिक्, उचलला. लाली उतरू दिली. टिक्, उचलला. मग हा जोड सोडून पलीकडचा घेतला, तोवर हा निवला. आमची आजी गोधडीला टाके घालायची, तसं. मी विचारलं, हे कुठे शिकलास? म्हणाला, "नापास झालो, कारखान्यात कोण घेणार? वीस वर्षं पाळणे, सायकली, शाळेचे बाक जोडतोय. सगळं पातळच येतं माझ्याकडे."

रसीलाने त्याला गांठिया आणि चहा दिला. मला फक्त चहा.

तेरा जोड झाल्यावर जुसब थांबला. "शेवटचा तुम्ही करा, साहेब." मी नाही म्हणालो. त्याने काच माझ्या हातात दिली, मागे बसला, मनगटाखाली हात धरला. "टेकवा. उचला. थांबा, साहेब, लाली उतरू द्या. आता. उचला! घाई कशाला?" एकवीस टाके. भोक पडलं नाही. जोड जरा ओबडधोबड आहे, मुंगळ्यांची रांग बसल्यासारखा, पण जुसबने हातोडीने दोनदा ठोकून बघितला आणि मान हलवली.

"पास?" मी विचारलं.

"पास, साहेब."

संध्याकाळी त्यानेच रंग मारून दिला.

शनिवार, १६ नोव्हेंबर

रंग वाळलाय. सगळीकडे बोट लावून बघितलं. माझ्या जोडाला दोनदा. त्याला धरून लोंबकळलोही. हलत नाही. वरून नववी पायरी.

निकुंज आणि सूनबाई आले. त्यांना जिना दाखवला. कठडा आम्ही केला, असं सांगितलं. "आम्ही" हा शब्द चुकीचा नाही.

रविवार, १७ नोव्हेंबर. दुपारी १.००

मुहूर्त अकराचा. पावणेअकराला रसीला निघाली. हिरवी बांधणी, केसांत वेणी. गल्लीतल्या सगळ्या बायका खाली उभ्या. जुसबही आला होता बायकोला घेऊन. मी तिच्या एक पायरी पुढे, उलटा उतरत होतो, सांभाळायला.

वरच्या पायरीवर थांबली. विचारलं, "यातला तुमचा जोड कोणता?"

मी अभिमानाने दाखवला. नववी पायरी, वरचा पाईप.

उतरू लागली. एक पायरी, एक श्वास. डावा हात कठड्यावर घट्ट, बोटं पांढरी पडलेली. चौथी. पाचवी. सहावी. सातवी. आठवी. मी माझ्या जोडाकडे बघत होतो.

नववी आली. रसीलाने हात उचलला. दुसऱ्या हाताने माझा खांदा धरला, तो जोड वीतभर मोकळा सोडला, आणि पुढे जुसबच्या पाईपवर हात टेकवला.

मग उरलेल्या पाच पायऱ्या उतरून जमिनीवर गेली. बायकांनी तिला घेरून टाकलं.

रंग ओला वाटला असेल तिला. पण रंग कालच वाळला होता.