डॅनीचा गुडघा

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
७ नोव्हेंबर १९८५

ती. स्व. वन्संना मृणालिनीचा नमस्कार, आणि या वेळी जरा जास्तच वाकून.

तुम्ही पाठवलेली भाजणी पोचली. ह्यांची तब्येत उत्तम, गिरीश बापापेक्षा चार बोटं उंच झालाय. दिवाळीला इथे सुट्टी नसते, त्यामुळे मंडळाचा फराळ रविवारी आहे. माझ्या चकल्या यंदा मऊ पडल्या. लक्ष ठिकाणावर नव्हतं.

ह्यांनी पाठवलेला गिरीशचा पेपरातला फोटो बघून तुम्ही विचारलंत, की हेल्मेट घालून हा नक्की करतो काय? तो क्वार्टरबॅक आहे, म्हणजे टीममधला चेंडू फेकणारा गडी. फेकायला वळला की त्याची डावीकडची पाठ उघडी पडते. तिकडून कोण धावून येतंय ते त्याला दिसत नाही. गेल्या वर्षी तो दर मॅचला तिकडूनच आपटला जायचा आणि लोक म्हणायचे, इंडियन पोराला हा खेळ झेपत नाही. यंदा त्या बाजूने येणाऱ्यांना अडवायला डॅनी नावाचा दांडगा मुलगा उभा केला. पोरगा तोच, हात तोच, पण आता गावभर कौतुक चाललंय. सगळे गिरीशची पाठ थोपटतात. डॅनीचं नाव कोणी काढत नाही. तो आमच्याकडे येऊन मुकाट्याने सहा थालीपिठं खातो आणि ‘थँक यू, मिसेस के’ म्हणतो, बस.

ऑगस्टमध्ये कोचनी टीम निवडली, तेव्हा डॅनीच्या जागेवर खेळू शकणारा दुसरा मुलगा होता. त्याला काढून चेंडू झेलणारा आणखी एक घेतला, म्हणजे गिरीशचे पास जास्त दिसावेत. आधल्या रात्री कोच आमच्याकडे जेवायला होते. सल्ला कोणाचा होता ते मी विचारलं नाही. श्रीखंड वाढत होते तेव्हा हे आणि कोच एकदम गप्प झाले, एवढंच मला आठवतं.

गेल्या शनिवारी डॅनीचा गुडघा पिरगळला. टीमचे फुकटचे डॉक्टर हेच. ह्यांनी तिथल्या तिथे पट्टी बांधली आणि म्हणाले, ‘ही इज फाइन.’ सप्टेंबरात गिरीशचा अंगठा मुरगळला तेव्हा ह्यांनी दोनदा एक्स-रे काढला होता. आणि तुम्ही वन्सं, अंगणात नुसत्या घसरलात, तर तुमचा गुडघा अर्धा तास तपासून ह्यांनी महिनाभर जिना बंद केला होता. विसरला नसालच.

सोमवारी डॅनी आला. मागच्या दाराशी तीनच पायऱ्या आहेत आमच्या. कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढला. मी बघतेय म्हटल्यावर हसला.

गाडीत मी गिरीशला विचारलं, ‘डॅनीचा पाय दुखतोय का रे?’

‘ही'ज फाइन, मॉम. डॅड चेक्ड हिम.’ मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, ‘एनीवे, देअर इज नोबडी एल्स.’ आणि रेडिओ मोठा केला.

जेवताना मी ह्यांना विचारलं, ‘गिरीशचा गुडघा असता तर खेळू दिलं असतंत?’

‘माइल्ड स्प्रेन आहे. तुला काय कळतं यातलं?’

‘मग एक्स-रे का नाही काढला?’

ह्यांनी लोणचं मागितलं. लोणचं पुढ्यातच होतं.

येत्या शनिवारी एका कॉलेजचा माणूस खेळाच्या स्कॉलरशिपसाठी गिरीशचा खेळ बघायला येणार आहे. स्कॉलरशिपवाचून आमचं अडलेलं नाही. पण इतकी वर्षं ज्यांचं नाव इथे कोणाला धड घेता आलं नाही, त्यांना आता दुकानात लोक ‘गिरीश्स डॅड’ म्हणून थांबवतात. तेव्हा ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. मलाही तो बघायला आवडतो, म्हणून तर इतके दिवस गप्प बसले.

नुसता संशय असल्यासारखं इतकं लिहिलं, पण वन्सं, मला आता खात्रीच आहे, की ह्यांनी तो गुडघा जाणूनबुजून नीट तपासला नाही.

डॅनीला वडील नाहीत. त्याची आई पॅट इथल्या सुपरमार्केटमध्ये काउंटरवर असते. आज दुपारी मी एक कोथिंबिरीची जुडी घेऊन तिच्या रांगेत उभी राहिले. माझ्यामागे कोणी नव्हतं. म्हटलं, ‘पॅट, टेक हिम टू अनदर डॉक्टर. बिफोर सॅटर्डे.’

‘युअर हजबंड सेड ही वॉज फाइन.’

‘आय नो व्हॉट ही सेड.’

ती काउंटर बंदची पाटी लावून फोनकडे गेली. कोथिंबीर तिथेच राहिली.

डॅनी खेळला नाही तर त्या जागी नववीतला एक काडीपैलवान उभा राहणार. मग गिरीशला मार बसणार, तोही त्या कॉलेजवाल्यासमोर. हे मला ठाऊक होतं, तरी गेले.

ह्यांना अजून कळलेलं नाही. कळलं की फोन तुम्हालाच करतील. काही दुखलं-खुपलं की लहानपणापासून तुमच्याकडेच धाव. पत्र पोचेपर्यंत तुम्ही मला बोल लावून मोकळ्याही झाला असाल, की बायकोने नवऱ्याची लाज चव्हाट्यावर नेली. त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. पण त्यानंतर एकदा ट्रंक कॉल लावा आणि विचारा, ‘हेमू, माझा गुडघा तपासलास तसा त्या पोराचा तपासलास का?’

माझ्याशी बोलताना ते विषय लोणच्यावर नेतात. तुमच्याशी खोटं बोलायला त्यांना जमायचं नाही.

गिरीशला आशीर्वाद असू द्या. शनिवारी त्याच्या डाव्या बाजूला डॅनी नसेल, आणि ते त्याच्या आईने केलंय.

अजून म्हणू देत असाल तर, तुमची भावजय,
मृणालिनी