घरच्या चार वाफ्यांबद्दल

मी उत्तरा गुणवंत फुलसुंदर, वय सव्वीस, शिक्षण सातवी, राहणार गुडगावच्या पुढं आमच्याच शेतावर. हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहिते. कोणी जबरदस्ती केलेली नाही. डोकं ठिकाणावर आहे असंही लिहावं लागतं म्हणे, तर लिहिते. पण गोंधळ फार आहे. उद्या सोमवारी ऑपरेशन करून बाळ काढणार आहेत आणि मला भीती वाटते.

एक. माझे वडील ज्ञानोबा बनकर सरकारी नर्सरीत माळी होते. रिटायर झाल्यावर त्यांनी ही एक एकर जमीन घेतली, इथले लोक एकराला किल्ला म्हणतात, आणि माझ्या नावावर केली. मी गेले तर ती माझी मुलगी मृणाल आणि होणारं बाळ, दोघांना निम्मी निम्मी. मुलं मोठी होईपर्यंत जमीन त्यांच्या बाबांनी कसावी. पलीकडं बिल्डरनं खांब पुरलेत. त्याचा माणूस आला तर चहा द्यावा, सही देऊ नये.

दोन. गाय माझ्या आईला, कुमुदला. शेणही तिचंच. जावयानं त्यावरून बोलू नये.

तीन. नणंद विजयालक्ष्मी लग्नात सगळ्यांसमोर म्हणाली होती की नवरीचे हात किती खडबडीत. तिला माझं खुरपं द्यावं.

चार. शेत कसं करायचं ते लिहायला बसले आणि अडकले. वडील शेणखत घालायचे, कडुलिंबाचा पाला कुटून शिंपडायचे. माती मऊ असायची. पण एका साली अळीनं सगळी वांगी पोखरली आणि घरात खायची पंचाईत झाली. मग मृणालच्या बाबांनी युरिया आणला, फवारणीचा पंप आणला. वांगी चकचकीत यायला लागली, मंडीत हातोहात जातात. घराला पक्कं छत त्यातूनच पडलं. पण फवारलं की ह्यांना ओकाऱ्या होतात, आणि जमिनीत गांडूळ म्हणून दिसत नाही. आई म्हणते बंद करा. हे म्हणतात, बंद करून खायचं काय? मला दोघांचंही अगदी खरं वाटतं.

पाच. ट्यूबवेलजवळचे चार वाफे हे फवारत नाहीत. आम्ही त्यातलंच खातो. ते मृणालसाठी तसेच राखावेत.

सहा. पाचवं कलम रद्द. का ते सांगते. आर. के. पुरम कॉलनीतल्या साधनाताई नेहमी आमची भाजी घेतात. मृणालचं नाव त्यांनीच सुचवलं. मागच्या रविवारी त्या नातीला घेऊन शेत बघायला आल्या आणि हौसेनं त्याच वाफ्यातली वांगी तोडायला लागल्या. हे धावत आले.

"ताई, ती नका घेऊ. ती घरची आहेत."

"अच्छा! मग आम्ही खातो ती कुणाची रे?"

त्या हसत म्हणाल्या.

तर आता असं लिहिते. घरचे वाफे वेगळे ठेवायचे नाहीत. जे मंडीत जाईल तेच माझ्या मुलांच्या ताटात वाढावं. शेणखत की युरिया, ते त्या ताटाकडं बघून ह्यांनी ठरवावं. मृणाल चार वर्षांची आहे.

ह्यांना सगळं वाचून दाखवलं. मग म्हणाले, "अगं, फवारू की नको, तेवढं तरी लिही."

मला कळलं असतं तर लिहिलं असतं.

सही: उत्तरा गुणवंत फुलसुंदर
हिनं आमच्यादेखत सही केली. साक्षीदार:
१. राजीव दिघे, आर. के. पुरम
२. साधना राजीव दिघे. सहावं कलम वाचून सही केली आहे.

गुडगाव, २२ सप्टेंबर १९९६