जीभ पुन्हा तपासण्याबाबत

दिनांक : १९ नोव्हेंबर २०२४

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
चिनी शरीरप्रकृती व रक्तातील चरबी अभ्यास विभाग,
हॅमिल्टन, ओंटारियो.

विषय : अभ्यासातून कमी केलेले माझे नाव परत घालून जीभ व जबाब नव्याने घेण्याबाबत.
संदर्भ : आपले ४ नोव्हेंबरचे पत्र व सोबतची मराठी प्रत.

महोदया,

मी, खाली सही करणार कस्तुरी रवींद्र दाभाडे, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण चौथी, राहणार मुलगा नंदन याच्याकडे, अर्ज करते की आपले पत्र पोचले. माझी उत्तरे आणि माझे रक्त जुळत नाही असे त्यात लिहिले आहे. म्हणजे मी खोटी. दाभाड्यांच्या घरात पंचावन्न वर्षांत हे मला कोणी तोंडावर म्हटले नाही, आपण टपालाने म्हटलेत. तरी खुलासा करते.

१. जिभेवरचा थर बघून चिनी पद्धतीत प्रकृती ठरवतात, सबब येण्याआधी जीभ घासू नये, असे आपल्या कागदात होते. सुनेने ते मला वाचून दाखवले होते. तरी मी घासली. परक्या माणसापुढे पांढरी जीभ काढायची ही कुठली रीत? आपल्या तपासणाऱ्या बाईंनी थर नाही बघून माझी प्रकृती समतोल लिहिली. नऊ प्रकारांतला तो सगळ्यांत चांगला. माझी सून गौरांगी निघाली कफ-ओलाव्याची, म्हणजे अंगात चरबी साठणारी. हे मी चार घरी सांगून आले, तेही कबूल करते. मग रक्ताचे रिपोर्ट आले. तिचे स्वच्छ. माझे वाईट कोलेस्टेरॉल चार पूर्णांक नऊ, इथल्या मापाने साडेतीनच्या आत हवे.

२. प्रश्न विचारायला आपला दुभाषी आला नाही, म्हणून आपल्या बाईंनी सुनेलाच बसवले. ही चूक आपल्या खात्याची आहे, माझी नाही. लवकर दमता का, छाती जड होते का, जिन्यात थांबावे लागते का, हे सुनेच्या तोंडून विचारल्यावर सासू काय सांगणार? मी सगळ्याला नाही म्हटले. तिने एकदा माझ्याकडे बघितले आणि नाहीवर खूण केली.

३. आता खरे लिहिते. आमच्या बेसमेंटच्या तेरा पायऱ्या आहेत. तांदूळ, लोणच्याच्या बरण्या खाली. जुलैपर्यंत मी एका दमात वर येत होते. आता सहाव्या पायरीवर थांबते आणि बरणीचे झाकण घट्ट करते, कोणी बघितले तर काम चालले आहे असे वाटावे. गेल्या मंगळवारी झाकण दोनदा घट्ट केले. डावा हात खांद्यापासून जड होतो. घरात सांगितले तर दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघर जाईल, आणि स्वयंपाकघर गेले की म्हातारी आपल्याच घरात पाहुणी. फॅमिली डॉक्टरकडे नंदन बरोबर येतो आणि माझ्याआधी तोच बोलतो.

४. माझे यजमान इथल्या स्टीलच्या कारखान्यात होते. त्यांनाही मी विचारले होते, दमलात का. नाही म्हणाले आणि ड्राइव्हवेवरचा उरलेला बर्फ शोव्हल करायला गेले. फावडे मीच आत आणले.

सबब विनंती की माझा जबाब पुन्हा घ्यावा, सून बाहेर बसवून. दुभाषी बाई परकी असावी. मराठी मंडळातली चालणार नाही, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाणाबरोबर माझे कोलेस्टेरॉल वाटले जाईल. पत्र पाठवू नये, टपाल सून उघडते. फोन करावा, सकाळी दहा ते तीन, तेव्हा ती ऑफिसात असते. आणि हे बर्फ पडायच्या आत व्हावे. मागचे नाही म्हणणे माझे खोटे होते, हे मी लेखी देते. दुसऱ्यांदा मागू नये.

आपला नियम या खेपेस पाळला आहे. तीन दिवस जीभ घासलेली नाही. थर आला आहे, जेवणाला चव नाही. तोंड उघडून कोणाशी बोलत नाही, तर घरात सगळे समजतात मी रागावले आहे. समजू देत.

आपली, फोनची वाट पाहणारी,
कस्तुरी रवींद्र दाभाडे

सोबत :
१) आपल्या पत्राची प्रत.
२) जीभ घासायची तांब्याची पट्टी, एक नग. घरात राहिली तर हात जातो. सासूबाईंची आहे. परत घ्यायला मी स्वतः येईन.