सुजेवरचा अर्क

३ फेब्रुवारी
उंदीर चावला! अर्क पाजत होते, कडू लागला असणार. मी सुजेवर औषध शोधतेय आणि बोट माझंच टम्म. सर म्हणाले, "अर्क लावून बघा!" आणि स्वतःच खो-खो हसले.

७ फेब्रुवारी
सूज उतरते! इंजेक्शन देऊन सुजवलेला पंजा दुपारपर्यंत निम्म्यावर. दुखणं कमी होतं का बघायला तापलेल्या पत्र्यावर सोडले, तिथंही तेच — नुसतं पाणी पाजलेले लगेच पाय झटकतात, अर्कवाले निवांत. सर हवेत, परिषदेत यावर भाषण करायचं म्हणतात. मी म्हटलं, सुरक्षिततेची चाचणी बाकी आहे. "झाडाचा पाला हो, त्यानं काय होतंय?" हे आमचे विभागप्रमुख!

८ फेब्रुवारी
घरी बोलून बसले. सासूबाईंनी गुडघाच पुढे केला. "मग आण की बाटलीभर."
"अजून उंदरांवरच चाललंय, आई."
"म्हणजे उंदरांचे पाय बरे करायचे, माझा गुडघा मेला तसाच!"

२० फेब्रुवारी
अबोला. निरोप नवऱ्यामार्फत — "तिला सांग, भाजीत मीठ नाही." सरांना सांगितलं, तर म्हणे, "द्या हो थोडा. म्हाताऱ्या माणसाला आराम पडू दे." यांचं काय जातंय म्हणायला!

११ मार्च
सुरक्षिततेच्या चाचणीत रोज अर्क पिणारे उंदीर गुटगुटीत. माझाच निश्चय डळमळला. आज बाटली भरून पर्समध्ये टाकली. फाटकापर्यंत गेले, परत फिरले, बेसिनमध्ये ओतली. घरी नवरा, "घोटभर दिला असतास तर काय बिघडलं असतं?" काय सांगणार, कप्पाळ? तेच तर शोधतेय!

२ एप्रिल
पॅथॉलॉजीच्या बाईंनी हाक मारली. "ये, बघ." यकृताच्या स्लाइड. मोठ्या डोसवाल्यांच्या पेशी जागोजाग मेलेल्या. बाहेरून गुटगुटीत, आतून पोखरलेले.
सरांकडे गेले. "मधल्या डोसचं?"
त्यातही सुरुवात आहे, म्हटलं.
मटकन बसले. "पुन्हा करा सगळं. चूक असेल."
"चूक नाही, सर."
"असेल म्हणतोय ना मी!" — ओरडलेच. आजवर कधी आवाज चढवला नव्हता. परिषदेतलं भाषण बुडणार, म्हणून एवढा जीव वरखाली! मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या.

३ एप्रिल
सर आले नाहीत. फुगून बसले असतील. बसू देत.

४ एप्रिल
सरांचा फोन, दवाखान्यातून. त्यांच्या आईचे डोळे पिवळे झालेत. संधिवातावर अर्क तेच देत होते — उंदरांची सूज उतरली त्या दिवसापासून, रोज, स्वतःच्या हातानं. स्लाइड घेऊन या म्हणाले, डॉक्टरांना दाखवायच्यात. निघतेच म्हटलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "सासूबाईंना दिला नाहीत ना?"
"नाही, सर."
"बरं केलंत," म्हणाले आणि फोनवरच रडायला लागले.