बिनदेठाचं फूल आणि तुमचे बंधू

तीर्थरूप वन्संना,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार (गुडघ्यांमुळे तूर्त मनातूनच, आशीर्वाद मात्र पूर्ण द्यावा). देवाच्या दयेने इथे सगळे ठीक. तुमचा खोकला गेला का? नसल्यास औषध बदला, डॉक्टर बदलू नका. ओळखीचा डॉक्टर मोडू नये.

“माझा भाऊ कसा आहे” म्हणून विचारलंत. नळखात्यातून निवृत्त झाल्यापासून ते खिडकीशी बसून असत आणि काही विचारलं की “हं”. भाजी कोणती करू? “हं”. (ही भाजी मॅट्रिकपर्यंत तरी आम्हाला नव्हती.) माझा जीव आत तुटायचा. देवापुढे बसून म्हणायची, बाबा रे, निदान भांडायला तरी लाव ह्यांना.

तशात आमच्या महिला मंडळात एक बाई छोट्याशा पुष्परचना शिकवून गेल्या. कपभर पाणी, एकच फूल, आणि टेकूला गुंडाळलेलं पान नाहीतर काटकी. विकतचं काहीच नाही, त्यामुळे ही कला मला फारच उच्च वाटली. घरी येऊन कान तुटलेला कप घेतला, अंगणातली जास्वंद खुडली आणि तिथेच घात झाला. जन्मभर देवासाठी फुलं खुडलेली, नख आपसूक फुलाच्या गळ्याशीच जातं. देवाला देठ लागत नाही, पण कपाला लागतो! दुसरं खुडलं, तेही बिनदेठाचं. तिसऱ्याच्या वेळी तर नखाला बजावून गेले होते. (पहिली दोन देवाला वाहिली.) तिसरं तसंच दुबेळक्या, बेचकीसारख्या काटकीवर बसवलं, गळ्याशी पान गुंडाळलं, तर ते कीर्तनात डुलकी लागलेल्या म्हातारीसारखं सारखं पुढे झुकायचं. उजेडात जरा बरं दिसेल म्हणून कप ह्यांच्या खिडकीत नेऊन ठेवला.

ह्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “टेकू चुकलाय.”

वन्सं, चक्क दोन शब्द! मी लगेच काडी लावली, “मग दाखवा की बसवून. का पेन्शनीत टेकू बसत नाहीत?” उठले तरातरा. पपईचं पान तोडून आणलं, त्याचा पोकळ देठ कापला आणि म्हणाले, “हा पाइप.” कपात गोटे रचून तो उभा केला, आत पाणी भरलं, तोंडाशी फूल टेकवलं. उभं राहिलं हो!

पुढचं कुठल्या खात्यावर मांडावं ते मला कळत नाही. दुपारचं ऊन पाण्यावर पडून छतावर हलत होतं. फुलाची सावली भिंतीवरून हळूहळू उतरत ह्यांच्या खांद्यावर आली, आणि ती पडेल की काय म्हणून हे श्वाससुद्धा बेताने घेत होते. मी शेजारी टेकले. घर पाण्याखाली गेल्यासारखं शांत. दूध करपल्याचा वास आला. मला आला, ह्यांनाही आला, कुणी उठलं नाही. (मी, वन्सं, मी!) मग मांडीवर गार लागलं तेव्हा शुद्ध आली. पाइप तळाशी गळून कप भरून वाहत होता. “जॉइंट कच्चा राहिला,” हे म्हणाले, आणि हसले.

आता घरातल्या सगळ्या कपांत फुलं आहेत आणि चहा आम्ही वाट्यांतून पितो. हे सकाळीच काटक्या वेचायला बाहेर पडतात. शेजारीण म्हणते, “काटकसर काटकसर म्हणतात ती हीच का हो?”

घरातल्या लहानथोरांना नमस्कार-आशीर्वाद ज्याचे त्याला पोचवावे.

तुमची धाकटी भावजय

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. ह्यांना महिनाभर तिकडे बोलावून घ्या. दिवसभर बोलतात हो! माझ्या प्रत्येक मांडणीला खोड काढतात, आणि मला हात लावायला एक कप उरलेला नाही.

ता. क. दुसरा. बोलावलंत तर दोघांना बोलवा. फूल ते उभं करतात हे खरं, पण ते कुठे बसून बघायचं हे त्यांना अजून मीच सांगते.