सासूबाईंपुढे दीड तास

मसाका, मंगळवार

तीर्थरूप आत्यांना नसूनाचा उभ्यानेच नमस्कार. (गुडघे टेकून करायला हवा होता, कळतं मला. का नाही केला, ते पुढे येतंच.) तुमची कंबर कशी आहे? केळीची बाग, कोंबड्या, ती भांडखोर शेजारीण, सगळं बरं ना? मी बरी आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं तर डोळ्याला डोळा नाही, आणि काल दुकानात एकाच्या रेडिओत मी दुसऱ्याचाच स्पीकर बसवला.

रविवारी सेबुन्या मला त्याच्या आईला दाखवायला घेऊन गेला. तुम्ही शिवून दिलेला गोमेसी घातला होता, पार जमिनीला टेकणारा झगा, त्यामुळे डाव्या पायाची लोखंडी पट्टी दिसत नव्हती. मोटरसायकल थेट दारात. चार पावलं लंगडत आत गेले, तर हा पठ्ठ्या आईला सांगतो, हिचा पाय मुरगळलाय. आत्या, दोन वर्षांची असताना ताप आला तेव्हापासूनचा पाय, आणि म्हणे मुरगळलाय! मी गप्प बसले. का बसले ते विचारू नका, मला स्वतःलाच विचारवत नाही.

होणारी सून म्हटल्यावर चटईवर गुडघे टेकणं आलंच. मी कापडावरूनच चाचपून पट्टीची गुडघ्यावरची कडी सोडली, तेव्हा पाय वाकला, आणि टेकले. टेकणं सोपं हो. उठायचं तर पाय सरळ करून कडी परत लावायची, आणि ती कापडावरून लागत नाही, त्यासाठी गोमेसी मांडीपर्यंत वर घ्यायचा. सासूबाईंपुढे! मग राहिले तशीच. चहा झाला, उकडलेल्या केळ्यांचे मटोके झाले, शेंगदाण्याचं कालवण झालं, बायका आल्या नि गेल्या, मी आपली गुडघ्यांवर. दीड तास. म्हातारीच्या डोळ्यांना पाणी आलं. शेजारणीला म्हणाली, "हल्लीच्या धडधाकट पोरी टेकल्यासारखं करतात नि पळतात. ही बघ, याला म्हणतात वळण." शेवटी ती बकरी बांधायला परसात गेली, तेव्हा सेबुन्यानं काखेत हात घालून मला उभं केलं.

आता त्यांच्या गावभर माझ्या गुडघ्यांची कीर्ती झाली आहे. एकवीस तारखेला मागणी घालायला त्यांचं अख्खं कूळ आपल्या अंगणात येणार, तेव्हा मी तश्शीच बसावं, सगळ्यांना दिसावं, असा म्हातारीचा हट्ट. तिथे कोण उठवणार मला? (तुमचे बंधू लुबोवाकाकाच बघा. त्यांचा पाय तर घोट्यापासून नाही. त्यांना कधी कुणी टेकायला सांगितलं? उलट दोन बायका मिळाल्या, दोघी गुडघ्यांवर बसून वाढतात. मला मात्र बाजारातली मासेवाली विचारते, तुला मुलं नीट होतील ना गं? मुलं काय पायातून होतात?)

तर आत्या, मागणीच्या मांडवात सगळं मुलीच्या आत्याच्या, म्हणजे तुमच्या हातात असतं. गुडघ्याला लावायचं तुमचं ते तेल पाठवा, आणि उठताना मला धरायला चुलतबहिणीला शेजारी बसवा. एवढीच विनंती.

तुमची लाडकी,
नसूना

ता. क. तेल नको. मला मांडवात खुर्ची हवी, पाठीची, सगळ्यांना दिसेल अशी. आणि गोमेसी वीतभर आखूड करून द्या, पट्टी दिसू दे. आणि सेबुन्याला तुम्ही एकदा समोर बसवून विचारा, त्याला माझी लाज वाटते का. मला विचारायचा धीर नाही. तो काय म्हणेल ते जसंच्या तसं सांगा, साखर घालू नका.

ता. क. दुसरा. विचारू नका, मीच विचारलं. हे पत्र टपालासाठी न्यायला तोच दुकानात आला. "आईला धक्का बसेल," म्हणाला. मी म्हटलं, मी तुझ्या आईचं नाही विचारलं. तेव्हापासून गिऱ्हाइकाच्या स्टुलावर मान खाली घालून बसलाय, अर्धा तास झाला. तुम्ही खुर्ची तेवढी सांगून ठेवा. ती पक्की. नवऱ्याचं काय ते, हा तोंड उघडेल तेव्हा.